जिन्याची गोष्ट : गाविलगडाच्या शिडीपासून आपल्या माडीपर्यंत

अंजनगाव सुर्जीचे नाव शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरते येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथे तह झाला. शिंद्यांच्या हातून अहमदनगर, भडोच आणि गंगा-यमुनेचा दुआब गेला. गावातल्या प्रत्येक पोराला ही ओळ पाठ असते. त्याआधी पंधरा दिवस काय घडले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

२९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ लढाई झाली. तिथे मराठी फौज मोडली आणि तिच्यातली बरीच माणसे गाविलगडाच्या आश्रयाला गेली. आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला. कर्नल स्टीव्हन्सन तोफा ओढत डोंगरातून फिरून उत्तरेकडे पोचला. १५ डिसेंबरला बाहेरच्या किल्ल्याच्या तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत शिरली. आतला किल्ला मात्र तसाच उभा होता आणि त्याचा दरवाजा बंद होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याने ९४ व्या पलटणीच्या शिपायांसह तटाला शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला आणि गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि महिनाअखेरीस आमच्या गावातला तह झाला.

तोफांनी बाहेरचा तट फोडला आणि आतला किल्ला एका शिडीने घेतला, असे थोडक्यात म्हणता येईल. शत्रूला चढता येऊ नये म्हणून माणसाने डोंगर, तट, बुरूज सगळे रचले, आणि शेवटी प्रश्न उरला तो वर चढण्याचाच. या लेखात मला याच चढण्याविषयी लिहायचे आहे. शिडी, पायरी, जिना, त्याचा कठडा आणि मधला टप्पा या गोष्टींना इतिहास असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ते कळायला घरातच एक घटना घडावी लागली.

माडीचा जिना

आमचे जुने घर धाब्याचे होते. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पुढे ढेलज, मध्ये चौक आणि मागच्या बाजूला एक माडी. माडीवर जाणारा जिना दोन भिंतींच्या मधल्या बोळात होता. त्याला खिडकी नव्हती. वरच्या तोंडाशी एक लाकडी झडप होती आणि धरायला आढ्याला बांधलेला एक दोर लोंबत असे. हात लागून लागून तो दोर काळा आणि गुळगुळीत झाला होता. लहानपणी आम्ही पोरे तो धरून झोका घ्यायचो आणि मार खायचो.

१९८७ सालच्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको पणत्यांचे ताट घेऊन माडीवर गेली. उतरताना तिच्या एका हातात रिकामे ताट होते आणि दुसऱ्या हातात नऊवारीचा ओचा. दोर धरायला तिसरा हात कुठून आणायचा? वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तिचा पाय सुटला आणि ती तळाशी येऊन पडली. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती सहा वर्षे जगली, पण खाटेवरून फारशी उठली नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, "कसं झालं हो?" ती म्हणे, "काई नाई बापा, पाय सटकला."

घरातही सगळे तेच म्हणाले. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले संध्याकाळची वेळ वाईट, कोणी म्हणाले ताट आणायला पोराला पाठवायचे होते. जिन्याला कोणी काही बोलले नाही. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मीही बोललो नाही.

पुष्कळ वर्षांनी घर पाडायचे ठरले तेव्हा मी तो जिना मोजला. माडीची उंची नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. बारा चढ, प्रत्येक चढ नऊ इंचांचा. पाय ठेवायची जागा आठ इंच. जिन्याची लांबी साडेसात फूटसुद्धा नव्हती. म्हणजे तो जिना ४५ अंशांहून जास्त उभा होता. त्याला जिना म्हणण्यापेक्षा भिंतीत बसवलेली शिडी म्हणणे बरोबर ठरले असते.

असा जिना का बांधत?

आजोबांना अक्कल नव्हती म्हणून असा जिना बांधला, असे म्हणणे सोपे आहे आणि ते चूक आहे. त्या जिन्याला कारणे होती.

पहिले कारण भीती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धाडी वऱ्हाडावर येत. गावोगावच्या गढ्या त्या काळाच्या साक्षीदार आहेत. दाणागोटा आणि डागडागिने माडीवर असत. जिना अरुंद आणि अंधारा असला, वरून झडप लावता आली, की एक माणूस चौघांना अडवू शकतो. गाविलगडाचे तर्कशास्त्र असे घरात आले होते. धाडी थांबल्या, पण गवंड्याच्या हातातला नमुना तोच राहिला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, आगगाडी आली, आणि व्यापाऱ्यांच्या दुमजली माड्या उठल्या. घर बदलले तरी जिना पेंढाऱ्यांच्या काळातलाच राहिला.

दुसरे कारण जागा. आमच्याच माडीचा हिशेब करून पाहू. तीच नऊ फूट उंची सुखाने चढायची तर पंधरा चढ लागतील, प्रत्येकी सव्वासात इंचांच्या आतबाहेर. पाय ठेवायला दहा इंच द्यायचे, तर चौदा पायऱ्यांना ११ फूट ८ इंच लांबी लागते. जुन्या जिन्याला ७ फूट ४ इंच पुरत होते. फरक ४ फूट ४ इंचांचा. मोठ्या आईचे खुब्याचे हाड आणि चार फूट चार इंच जागा, असा तो व्यवहार होता. कोणी तो मुद्दाम केला नव्हता, पण झाला होता.

तिसरे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. घर बांधणारा पुरुष, जिना ठरवणारा गवंडी पुरुष, आणि दिवसातून वीस वेळा हातात घागर, सूप, ताट किंवा मूल घेऊन तो चढणारी बाई. जिना ठरवताना तिला कोणी विचारत नसे.

पायऱ्या नीट बांधता येत नव्हत्या असेही नाही. आमच्या शेजारच्या दर्यापूर तालुक्यात महिमापूरची सात मजल्यांची पायविहीर आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. पायविहीर बांधणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते, ती म्हणजे माणूस रिकामा उतरणार आणि भरल्या घागरीने चढणार. म्हणून पायविहिरींमध्ये पायऱ्यांच्या ओळीला मध्येच तोडून सपाट टप्पा देण्याची रीत दिसते. तिथे दम घेता येतो, वरून येणाऱ्याला वाट देता येते आणि एखादा घसरलाच तर तो टप्प्यावर अडतो, थेट पाण्यात जात नाही. आज इमारतीच्या नियमांत ज्याला लँडिंग म्हणतात ते हेच. ज्ञान गावाजवळच होते, पण ते सार्वजनिक विहिरीत राहिले. घरातल्या माडीपर्यंत आले नाही.

पावलाचे माप

पायरी किती उंच असावी हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियस याने देवळाच्या पायऱ्यांची संख्या विषम असावी असे सांगितले आहे, कारण उजवे पाऊल पहिल्या पायरीवर ठेवले की वर देवळातही उजवेच पाऊल पडते. आपल्याकडे आजही म्हातारी माणसे पायऱ्या विषम ठेवायला सांगतात आणि घरात उजवे पाऊल आधी टाकायला लावतात. दोन टोकांच्या दोन संस्कृतींत एकच समजूत सापडते, याचे मला नेहमी नवल वाटते.

खरी मोजणी १६७५ मध्ये पॅरिसला झाली. फ्रांस्वा ब्लोंदेल या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने विचार केला तो असा. सपाट जमिनीवर माणसाचे एक पाऊल साधारण २४ फ्रेंच इंच पडते, म्हणजे आजचे ६५ सेंटीमीटर. वर चढायला सपाट चालण्याच्या दुप्पट कष्ट पडतात असे धरले, तर पायरीची उंची दुप्पट करून त्यात पाय ठेवायची रुंदी मिळवावी आणि बेरीज २४ यावी. साडेतीनशे वर्षे झाली, तरी जगभरचे वास्तुकार अजून या सूत्राच्या आसपासच असतात.

हे सूत्र मी आमच्या जुन्या जिन्याला लावून पाहिले. नऊ दुणे अठरा, अधिक आठ, म्हणजे सव्वीस इंच, साधारण ६६ सेंटीमीटर. मी चाटच पडलो. ब्लोंदेलच्या हिशेबाने आमचा जिना जवळजवळ निर्दोष होता! मग मोठी आई पडली कशी? उत्तर आठ इंचांत आहे. मोठ्या माणसाचे पाऊल नऊ-दहा इंचांचे असते. चढताना चवडा टेकला तरी भागते. उतरताना आठ इंचांच्या पायरीवर पाऊल पुढे लोंबते आणि शरीराचा भार हवेतल्या चवड्यावर येतो. म्हणजे सूत्र बसते, पाऊल बसत नाही. म्हणून आजचे नियम नुसते सूत्र सांगून थांबत नाहीत. उंचीला वरची मर्यादा आणि रुंदीला खालची मर्यादा वेगवेगळी घालून देतात.

भारताची राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये निघाली. नंतर १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. २००५ च्या संहितेत राहत्या घरातली पायरी १९ सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाय ठेवायची जागा २५ सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी असे आहे. इतर इमारतींत उंची १५ पर्यंत आणि रुंदी किमान ३०. एका ओळीत १५ पेक्षा जास्त चढ नसावेत, त्यानंतर टप्पा हवा. कठड्याची उंची पायरीच्या मध्यापासून किमान ९० सेंटीमीटर. २०१६ मध्ये ही उंची एक मीटर केली. गोल फिरणारा लोखंडी जिना, जो आपल्याकडे जागा वाचते म्हणून सर्रास लावतात, तो नऊ मीटरपर्यंतच्या इमारतीला आणि मोजक्या माणसांसाठीच चालतो.

हे आकडे कोणा साहेबाच्या लहरीतून आलेले नाहीत. यातल्या पुष्कळ आकड्यांमागे माणसे मेलेली आहेत.

एकोणीस पायऱ्या

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बेथनल ग्रीन भागात भुयारी रेल्वेचे अर्धवट बांधलेले स्टेशन लोक बाँबहल्ल्यात आसऱ्यासाठी वापरत. रस्त्यावरून आत जायला एकच दार होते आणि खाली एकोणीस पायऱ्यांचा जिना. मध्ये कठडा नव्हता, पायऱ्यांच्या कडा रंगवलेल्या नव्हत्या आणि काळोख करण्याच्या हुकुमामुळे उजेड जेमतेम होता. ३ मार्च १९४३ च्या रात्री पाऊस पडून गेला होता. भोंगा वाजला आणि लोक उतरू लागले. जवळच विमानविरोधी तोफांचा अनोळखी आवाज झाला, तशी मागून घाई झाली. तळाशी एक बाई पडली, तिच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. थोड्याच वेळात १७३ माणसे गुदमरून मेली. त्यांत ६२ मुले होती. त्या रात्री तिथे शत्रूचा एकही बाँब पडला नव्हता.

तिथल्या नगरपालिकेने हे दार आणि जिना सुधारण्याची परवानगी १९४१ मध्येच मागितली होती. वरच्या कचेरीने ती नाकारली होती. अपघातानंतर मात्र मधला कठडा आला आणि पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग लागला. चौकशीचा अहवाल त्या वेळी दाबून ठेवला गेला.

२ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपून प्रेक्षक उतरत असताना तेरा क्रमांकाच्या जिन्यावर ६६ जण चेंगरून मेले. त्यातून ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेचा १९७५ चा कायदा झाला.

आपल्याकडे २५ जानेवारी २००५ ला, पौष पौर्णिमेच्या जत्रेत, वाईजवळच्या मांढरदेवी गडावर चेंगराचेंगरी झाली. उभ्या चढाच्या दगडी पायऱ्या फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकाने. माणसे घसरली, दुकानांना आग लागली आणि जवळपास तीनशे भाविक गेले. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर बारा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर तेच घडले. सकाळी साडेदहाचा सुमार, अचानक पाऊस, भिजू नये म्हणून पुलावर थांबलेले लोक आणि खालून लोकलमधून उतरणारी नवी गर्दी. जिना अरुंद. २३ माणसे गेली. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी तिथे नवा पूल बांधला, तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. त्याच वर्षी स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले.

या घटना एकाखाली एक मांडल्या की त्यांच्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. ओली पायरी, अपुरा उजेड किंवा न दिसणारी कड, रुंद जिन्याला मध्ये धरायला काही नसणे, टप्पा नसणे, आणि उतरणारी गर्दी. चढणाऱ्या गर्दीत माणूस पडला तर तो पुढे, जवळच्याच पायरीवर पडतो. उतरणाऱ्या गर्दीत तो खोल पडतो आणि मागच्याला तो दिसतही नाही.

जिनिंगमधला कायदा

कठड्याचा कायदा वऱ्हाडात आधी कुठे आला, हे शोधताना मला वाटले होते नगरपालिकेच्या कागदांत सापडेल. आमच्या भागात १९२२ चा मध्य प्रांत व वऱ्हाड नगरपालिका कायदा चाले. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६५ मध्ये राज्याचा नगरपालिका कायदा आणि १९६६ मध्ये नगररचना कायदा आला. नगरपालिकांच्या जुन्या कारभाराचा भर मुख्यतः गटारे, संडास, रस्त्याची हद्द आणि साथीचे रोग यांवर असे. प्लेग, पटकी पाहिलेल्या पिढीचा तो भर होता, आणि तो योग्यच होता.

जिन्याचा स्पष्ट उल्लेख मला सापडला तो कारखान्यांच्या कायद्यात. वऱ्हाड म्हणजे सरकी काढणाऱ्या जिनिंगांचा आणि रुईचे गठ्ठे बांधणाऱ्या प्रेसिंगांचा मुलूख. १९२५ मध्ये या कारखान्यांसाठी खास कायदा झाला. त्यात इमारत कशी असावी हेही होते. सरकीसह येणारा कापूस आणि बाहेर जाणारी रुई यांच्या वाटा वेगळ्या असाव्यात, असे त्यात सांगितले होते. हेतू कापसाच्या शुद्धतेचा. कापसाला जायला वेगळे दार आणि यायला वेगळे दार मिळाले.

माणसाच्या पायाचे कलम १९४८ च्या कारखाना कायद्यात आले, कलम ३२. सगळ्या जमिनी, पायऱ्या, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा मजबूत असाव्यात, त्यांची देखभाल व्हावी, आणि सुरक्षेसाठी गरज असेल तिथे भक्कम कठडा असावा, असा त्याचा आशय. म्हणजे जिनिंगात रुई उचलणाऱ्या मजूर बाईला तिथल्या जिन्यावर कठडा मिळण्याचा कायदेशीर हक्क होता. तीच बाई संध्याकाळी कोणाच्या माडीवर धुणे वाळत घालायला चढली, की तिथे फक्त एक लोंबता दोर होता.

आजची स्थिती कागदावर बरीच चांगली आहे. राष्ट्रीय संहिता ही शिफारस असते. स्थानिक नियमांत घेतली की ती बंधनकारक होते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसुरक्षा कायदा आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून बाकी राज्याला एकच एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली आणि आमच्यासारखी नगरपरिषदांची गावेही तिच्याखाली आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीत सर्वांना वावरता आले पाहिजे हे तत्त्व आणले. नकाशावर जिना आता बरोबर असतो.

पण नकाशा पास होतो आणि जिना मिस्त्री बांधतो. मधल्या अंतरात काय होते, ते मला माझ्याच नव्या घराने शिकवले.

शेवटची पायरी

२००३ मध्ये आम्ही जुने घर पाडून सिमेंटचे बांधले. एव्हाना मी जिन्यावर थोडेबहुत वाचले होते आणि मोठ्या आईची आठवण होतीच. मिस्त्रीला बजावून सांगितले, पायरी साडेसात इंचांपेक्षा उंच नको. मजल्याची उंची दहा फूट, सोळा चढ, मध्ये टप्पा. त्याने अगदी सुतात बांधले. मी स्वतः मोजले. प्रत्येक चढ साडेसात इंच. मी खूश.

मग फरशी आली. खालच्या आणि वरच्या खोल्यांत भर, माल आणि टाइल मिळून अडीच इंच थर चढला. पायऱ्यांवर कडप्पा आणि खालचा माल मिळून दीड इंच. खालची जमीन पायरीपेक्षा एक इंच जास्त वर आली, म्हणून पहिला चढ साडेसहा इंचांचा झाला. वरची जमीनही तशीच एक इंच जास्त वर गेली, म्हणून शेवटचा चढ साडेआठ इंचांचा झाला. मधले चौदा तसेच, साडेसात. एकूण दहा फूट बरोबर भरतात, कुठेही हिशेब चुकलेला दिसत नाही.

पुढची दोन वर्षे घरातला प्रत्येक जण वर पोचताना शेवटच्या पायरीला ठेच खात होता. पाहुणे हमखास. मी स्वतः तुरीचे पोते घेऊन गुडघ्यावर पडलो तेव्हा कुठे पट्टी घेऊन पुन्हा मोजायला बसलो. मिस्त्रीची चूक नव्हती. त्याला कोणत्या खोलीत किती जाडीची फरशी येणार हे मी सांगितलेच नव्हते. चूक माझी होती.

जॉन टेम्पलर या अभ्यासकाचा जिन्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९२ मध्ये निघाला. तो आणि त्याच्यासारखे अभ्यासक एका गोष्टीवर भर देतात. माणूस जिना डोळ्यांनी पहिल्या दोन-तीन पायऱ्यांपुरताच पाहतो. पुढे पाय लक्षात ठेवतो. पाय अगदी थोड्या अंतराने पायरीची कड ओलांडत असतो. म्हणून नेहमीपेक्षा उंच पण एकसारखा जिना एक वेळ परवडतो, पण मध्येच एक पायरी वेगळी असलेला जिना परवडत नाही. अमेरिकेतल्या नियमांत एका ओळीतल्या सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या पायरीत एक सेंटीमीटरचाही फरक चालत नाही. माझ्या जिन्यात तो दोन इंचांचा, म्हणजे पाच सेंटीमीटरचा होता.

उपाय गावच्याच एका म्हाताऱ्या गवंड्याने सुचवला. वरच्या पाच पायऱ्यांवरचा कडप्पा उखडून त्याने खालचा थर दीड-दीड सुताने वाढवत नेला. शेवटच्या चढातला जास्तीचा इंच सहा चढांत वाटला गेला. ठेच थांबली. खालची पायरी तशीच राहिली, तिच्या कडेला पिवळा पट्टा मारला. नवीन बांधणाऱ्या कोणालाही मी आता एवढेच सांगतो, की पायऱ्या आखण्याआधी फरशीची जाडी ठरवा आणि मोजणी फरशी ते फरशी करा.

आमच्या मुलखात आणखी एक घरचा शत्रू आहे, काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात. घराचा पाया खोल जातो, पण ओट्याच्या पायऱ्या लोक वरच्या वर बांधतात. चार-सहा वर्षांत पायऱ्या घरापासून सुटतात आणि एका बाजूला खचतात. मग वरचा चढ उंच होतो आणि पायरी बाहेरच्या बाजूला कलते. आपल्या गल्लीत चालताना खाली पाहिले, तर असे ओटे जागोजागी दिसतील. त्या पायऱ्यांनाही घराइतकाच खोल पाया हवा, एवढेच.

आणि एक गोष्ट बाजारपेठेतल्या इमारतींची. खाली दुकाने, वर शिकवणी वर्ग, आणि वर जायला दुकानांच्या मधून एकच अरुंद जिना. त्या जिन्यात दुकानदाराची खोकी, मीटरची पेटी आणि मुलांच्या चपला. २४ मे २०१९ ला सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली, जिना आगीच्या तोंडी गेला आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणीत अडकलेली २२ मुले गेली. अशा इमारती वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात सापडतील. तिथल्या जिन्यातली खोकी हलवायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पाय सटकला

इतकी वर्षे हा विषय चाळताना मला एक फरक जाणवत गेला. जिन्यावर एका वेळी पन्नास माणसे गेली की आयोग बसतो, अहवाल येतो, नियम बदलतो आणि पूल नवा होतो. घरातल्या जिन्यावर माणसे एकेकटी पडतात. एकेका घरात, एकेका दिवाळीत, बहुधा म्हातारी आणि बहुधा बाई. त्याचा आयोग नसतो. चौकशीचा अहवाल एकाच वाक्याचा असतो आणि तो पडलेले माणूस स्वतःच देते, पाय सटकला म्हणून. गाविलगडाची शिडी इतिहासात गेली. माडीचा जिना गेला नाही, कारण तिथे पडणाऱ्यांनी दोष स्वतःकडे घेतला.

जुने घर पाडताना तो काळा दोर मी काढून ठेवला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे. नव्या जिन्याला मात्र भिंतीच्या बाजूनेही दांडी आहे, मुठीत बसेल इतकी गोल, तळापासून वरपर्यंत सलग. आई ऐंशी पार करून गेली, पण शेवटपर्यंत दिवाळीच्या पणत्या लावायला गच्चीवर स्वतः जात असे. ताट आधी नातू वर नेऊन ठेवी. तिचे दोन्ही हात मोकळे असत.

हा अंक हातात पडेल तेव्हा घराघरांत पणत्या लागत असतील. वाचकांनी एक संध्याकाळ काढून आपल्या घरचा जिना मोजावा. पहिली पायरी आणि शेवटची पायरी मधल्या पायऱ्यांइतकीच आहे का, दिवा वरून आणि खालून दोन्हीकडून लावता येतो का, मुलाचे डोके कठड्याच्या गजांतून जाते का, आणि म्हाताऱ्या माणसाला धरायला काही आहे का, एवढे चार प्रश्न. मोजपट्टी बाजारात पन्नास-शंभर रुपयांना मिळते. आमच्या घरी ती सोळा वर्षे उशिरा आली.